पलटणीकडून प्रांताकडे : संतोष करंडकाचे पहिले पर्व

१९४१ साली कलकत्त्यात बंगालच्या संघाने दिल्लीच्या संघाचा ५-१ असा पराभव केला आणि भारतीय फुटबॉलमध्ये प्रथमच एका प्रांताला देशाचे अजिंक्यपद मिळाले. त्याआधी जवळजवळ अर्धशतक या देशात फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धा होत होत्या, त्यांना हजारोंची गर्दी लोटत होती आणि वृत्तपत्रे त्यांचे निकाल ठळकपणे छापत होती. परंतु त्या स्पर्धांत उतरणारे संघ पलटणींचे, क्लबांचे किंवा एखाद्या सरकारी खात्याचे असत. एखादा प्रांत किंवा एखादे संस्थान आपला निवडक संघ घेऊन दुसऱ्या प्रांताशी भिडत आहे आणि जिंकणारा देशाचा विजेता ठरत आहे, ही रचना फुटबॉलला १९४१ पर्यंत लाभली नव्हती. या रचनेचे नाव संतोष करंडक. पुढे तिच्यातून देशाचा संघ निवडला गेला, राज्यांच्या बदलत्या सीमा तिच्यात उमटल्या आणि देशाला संविधान मिळण्याच्या आधीच संघराज्याची कल्पना मैदानावर वावरू लागली. या स्पर्धेचे पहिले पर्व, म्हणजे १९४१ ते १९५४ हा काळ, त्यामुळे क्रीडेतिहासाइतकाच सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकानेही वाचण्यासारखा आहे.

पलटणींचा खेळ

भारतात फुटबॉल रुजला तो लष्करी छावण्यांत आणि मिशनरी शाळा-महाविद्यालयांत. देशातील सर्वांत जुनी स्पर्धा म्हणजे ड्युरँड चषक. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड यांनी १८८८ मध्ये सिमल्यात ती सुरू केली आणि तिचा हेतू मुख्यतः छावण्यांतील सैनिकांना व्यायाम व विरंगुळा मिळावा एवढाच होता. पुढच्या वर्षी कलकत्त्यात ट्रेड्स चषक, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक आणि १८९३ मध्ये कलकत्त्यातच आयएफए शिल्ड अशा स्पर्धा एकामागून एक उभ्या राहिल्या. या साऱ्या स्पर्धा बाद पद्धतीच्या होत्या, म्हणजे त्यांत एक सामना हरणारा संघ तिथेच बाहेर पडे, आणि अनेक वर्षे त्यांचे विजेते बहुधा गोऱ्या पलटणीच असत. रोव्हर्स चषकाचा पहिला विजेता वूस्टरशर रेजिमेंट हा होता, यावरून त्या काळच्या मैदानाचे चित्र स्पष्ट होते.

हे चित्र भारतीय क्लबांनी हळूहळू बदलले. शोभाबाजार क्लबने १८९२ मध्ये ट्रेड्स चषकात ईस्ट सरे रेजिमेंटला हरवले. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटवर २-१ असा विजय मिळवला. बागानचे बहुतेक खेळाडू त्या दिवशी अनवाणी खेळत होते आणि वंगभंगाच्या चळवळीने तापलेल्या बंगालमध्ये त्या विजयाला राजकीय अर्थ आला. १९३४ पासून मोहमेडन स्पोर्टिंगने सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली, १९३७ आणि १९३८ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या क्लबने मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला आणि १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने दिल्लीत रॉयल वॉरिकशर रेजिमेंटला हरवून ड्युरँड चषक जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला.

या विजयांची थोरवी मान्य करूनही एक उणीव उरत होती. क्लब कितीही मोठा असला तरी तो एका शहराचा, अनेकदा एका समाजाचा आणि काही वेळा एका धर्माचा प्रतिनिधी मानला जाई. मोहमेडन स्पोर्टिंगच्या विजयांनी कलकत्त्यातील मुस्लिम समाजात अभिमानाची लाट आली, तशीच त्या विजयांभोवती धार्मिक तणावाची वर्तुळेही उमटली. १९३९ मध्ये तर बंगालच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या आयएफएशी झालेल्या वादातून काही प्रमुख क्लब लीगमधून बाहेर पडले. मुंबईत क्रिकेटच्या बाबतीत हेच अधिक उघडपणे घडत होते. तेथील चौरंगी आणि १९३७ पासूनचे पंचरंगी सामने हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि ‘इतर’ अशा धर्मवार संघांत होत असत, त्यांना अलोट गर्दी होई आणि १९४० च्या अखेरीस महात्मा गांधींनी अशा जातीय विभागणीवरील खेळांविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. धर्माऐवजी प्रदेश हा संघाचा आधार मानणारी स्पर्धा हॉकीला १९२८ मध्ये आणि क्रिकेटला १९३४-३५ मध्ये रणजी करंडकाच्या रूपाने मिळाली होती. फुटबॉल मात्र लोकप्रियतेत या दोहोंच्या मागे नसूनही मागे राहिला होता, आणि त्याचे कारण मैदानावर नव्हते, संघटनेत होते.

‘भारत’ म्हणजे कोण

१८९३ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजेच आयएफएच्या, नावात सारा देश होता. तिचा प्रत्यक्ष कारभार मात्र बंगालपुरता होता. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनशी तिचा संबंध होता, परदेशी संघांना निमंत्रण देणे आणि परदेशी दौऱ्यावर संघ पाठवणे ही कामे तीच करी. १९३४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियात जे भारतीय संघ गेले ते आयएफएच्या छत्राखाली गेले आणि त्यांत कलकत्त्याच्या क्लबांतील खेळाडूंचाच भरणा होता. कलकत्ता हे देशातील फुटबॉलचे सर्वांत मोठे केंद्र असल्यामुळे यात काही अंशी स्वाभाविकपणा होता. परंतु दिल्ली, संयुक्त प्रांत, पंजाब, मुंबई आणि म्हैसूर येथील संघटकांना हा प्रश्न पडणे तितकेच स्वाभाविक होते की, ज्या संघाच्या निवडीत आपल्या प्रांताचा आवाज नाही त्याला देशाचा संघ कशाच्या बळावर म्हणायचे.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर हा वाद चिघळला. आयएफएला पर्याय म्हणून अखिल भारतीय पातळीवरील संस्था काढण्याचे प्रयत्न झाले, वाटाघाटी झाल्या, फिसकटल्या आणि अखेर जून १९३७ मध्ये सिमला येथे लष्कराच्या मुख्यालयात सहा प्रादेशिक संघटनांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना केली. महासंघ ही संघटनांची संघटना असते. तिचे सदस्य खेळाडू किंवा क्लब नसून राज्यांच्या संघटना असतात, आणि म्हणून तिच्या रचनेतच सर्व प्रांतांना एका मेजाभोवती बसवण्याची सोय असते. कलकत्त्याचे वर्चस्व मोडणे एवढाच या घडामोडीचा अर्थ लावला तर तो अपुरा ठरेल, कारण पुढच्या चार वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेसाठी करंडक देण्याचे औदार्य आयएफएनेच दाखवले. संघटनेच्या पातळीवर जो समतोल कागदावर आला होता त्याची परीक्षा मैदानावर व्हावी, हे बंगालने मान्य केले, आणि संतोष करंडकाचा जन्म या मान्यतेतून झाला असे म्हणणे योग्य ठरेल.

संतोष हे गाव

करंडकाच्या नावातील ‘संतोष’ हे एका गावाचे नाव आहे. पूर्व बंगालमधील टांगाईलजवळचे संतोष हे एका मोठ्या जमीनदार घराण्याचे ठिकाण. त्या घराण्यातील महाराजा सर मन्मथनाथ रायचौधुरी हे बंगालच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष होते आणि आयएफएचेही अध्यक्ष होते. १९३९ मध्ये वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ आयएफएने हा करंडक दिला. पुढे उपविजेत्यासाठीचा कमला गुप्ता करंडक आयएफएचेच एक अध्यक्ष डॉ. एस. के. गुप्ता यांनी आपल्या पत्नीच्या नावाने दिला, तर तिसऱ्या क्रमांकासाठीचा संपंगी चषक म्हैसूरचे नामवंत खेळाडू संपंगी यांच्या स्मरणार्थ तेथील संघटनेने दिला.

१९४७ च्या फाळणीत संतोष पूर्व पाकिस्तानात गेले आणि १९७१ नंतर ते बांगलादेशात आहे. मौलाना भाशानी यांच्या नावाचे विद्यापीठ आज तेथे उभे आहे. भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल अजिंक्यपदाला अशा प्रकारे आज देशाबाहेर असलेल्या एका गावाचे नाव आहे आणि फाळणीनंतर ते बदलावे असे संघटकांना वाटले नाही, ही गोष्ट भारतीय क्रीडाविश्वाच्या उदारपणाची खूण म्हणून नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

पहिला हंगाम आणि युद्धाची खीळ

पहिला हंगाम झाला ते १९४१ हे वर्ष बंगालसाठी अस्वस्थतेचे होते. जानेवारीत सुभाषचंद्र बोस कलकत्त्यातील नजरकैदेतून निसटले होते, ढाक्यात दंगली झाल्या होत्या, ऑगस्टमध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांचे निधन झाले आणि डिसेंबरात जपान युद्धात उतरल्यावर महायुद्ध बंगालच्या दाराशी आले. अशा वर्षात प्रांतोप्रांतीचे संघ कलकत्त्यात जमवून स्पर्धा पार पाडणे हे संघटनेच्या दृष्टीने लहान काम नव्हते. यजमान बंगालने अपेक्षेप्रमाणे अजिंक्यपद मिळवले. अंतिम सामन्यातील ५-१ हा फरक कलकत्ता आणि उर्वरित देश यांच्या खेळातील तेव्हाचे अंतर सांगणारा होता. रोज भरगच्च मैदानावर लीगचे सामने खेळणारे खेळाडू एका बाजूला आणि वर्षातून मोजक्याच मोठ्या सामन्यांचा सराव असणारे दुसऱ्या बाजूला, अशी ही लढत होती.

पुढची दोन वर्षे स्पर्धा झालीच नाही. १९४२ मध्ये छोडो भारत आंदोलनाने देश ढवळून निघाला, डिसेंबरात कलकत्त्यावर जपानी बाँब पडले, आगगाड्या सैन्य आणि युद्धसामग्रीच्या वाहतुकीत गुंतल्या आणि १९४३ मध्ये बंगालला भीषण दुष्काळाने गिळले. १९४४ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती दिल्लीत, आणि तेथे दिल्लीने बंगालला २-० असे हरवून तीन वर्षांपूर्वीच्या पराभवाची परतफेड केली. स्पर्धेच्या भवितव्याच्या दृष्टीने हा निकाल पहिल्या निकालापेक्षा महत्त्वाचा ठरला. सलग दोनदा एकाच प्रांताने करंडक नेला असता तर ही कलकत्त्याचीच आणखी एक स्पर्धा आहे असा समज दृढ झाला असता. दुसऱ्याच हंगामात करंडक राजधानीत राहिल्यामुळे तो जिंकता येतो याची खात्री इतर प्रांतांना पटली.

यजमान आणि आव्हानवीर

पहिल्या दहा हंगामांचे, म्हणजे १९४१ ते १९५३ या काळातील अंतिम सामन्यांचे निकाल एकत्र मांडून पाहिले की काही गोष्टी ठळक दिसतात. दहाही वेळा बंगाल अंतिम फेरीत होता आणि त्यांपैकी सात वेळा तो जिंकला. या सातांपैकी पाच विजेतेपदे कलकत्त्यात मिळाली : १९४१ मध्ये दिल्लीविरुद्ध, १९४७ मध्ये मुंबईविरुद्ध, १९४९ आणि १९५० मध्ये हैदराबादविरुद्ध आणि १९५३ मध्ये म्हैसूरविरुद्ध. बंगाल जे तीन अंतिम सामने हरला ते तिन्ही यजमानांविरुद्ध आणि यजमानांच्या मैदानावर. १९४४ मध्ये दिल्लीत दिल्लीशी, आणि १९४६ व १९५२ मध्ये बंगलोरला म्हैसूरशी. घरच्या मैदानाचे आणि घरच्या प्रेक्षकांचे बळ त्या काळात किती निर्णायक होते हे यावरून कळते, आणि दोन-तीन दिवसांचा रेल्वेप्रवास करून, अनोळखी माती-गवतावर, वेगळ्या हवेत उतरणाऱ्या पाहुण्या संघाची अडचणही कळते.

या काळातील अंतिम सामने अनेकदा एका दिवसात संपत नसत. बरोबरी झाल्यास पेनल्टी किक मारून निकाल लावण्याची पद्धत खेळाच्या नियमांत १९७० मध्ये आली; त्यापूर्वी फेरसामना, म्हणजे तोच सामना पुन्हा नव्याने, खेळवला जाई. १९४६, १९४७ आणि १९५३ या तिन्ही वर्षी अंतिम सामना प्रथम गोलशून्य बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात निकाल लागला. १९४६ च्या फेरसामन्यात म्हैसूरने बंगालला २-१ असे नमवले.

म्हैसूरचा हा विजय वेगळ्या कारणासाठीही लक्षात ठेवायला हवा. १९४६ मध्ये म्हैसूर हे वडियार राजघराण्याचे संस्थान होते, तर बंगाल हा ब्रिटिश अमलाखालील प्रांत. राजकीयदृष्ट्या या दोन प्रदेशांची व्यवस्था वेगळी होती आणि स्वतंत्र भारतात संस्थानांचे स्थान काय असेल हा प्रश्न त्या वर्षी अनिर्णित होता. फुटबॉलच्या मैदानावर मात्र संस्थान आणि प्रांत समान दर्जाने उभे राहिले होते. बंगलोरच्या छावणीभोवती वाढलेल्या, चेंडूवर हुकमत आणि आखूड पासांवर भर देणाऱ्या खेळाने कलकत्त्याच्या खेळाला दिलेले हे उत्तर होते. त्याचप्रमाणे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झालेल्या हैदराबादचा संघ पुढच्याच वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात उतरला. तो सामना बंगालने ५-० असा सहज जिंकला, पण १९५० मध्ये तेच दोन संघ पुन्हा भिडले तेव्हा फरक फक्त एका गोलाचा उरला होता. त्या वर्षापासून सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक सलग पाच वर्षे जिंकला आणि १९५६ व १९५७ मध्ये हैदराबादने संतोष करंडकही लागोपाठ नेला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबई होती.

प्रांताचा खेळाडू कोण

प्रांत हा संघाचा आधार ठरला की प्रांताचा खेळाडू कोणाला म्हणायचे हा प्रश्न उभा राहतोच. संतोष करंडकाने याचे उत्तर जन्मगावावरून दिले नाही. ज्या राज्याच्या संघटनेशी खेळाडूचा क्लब संलग्न असेल आणि जेथे त्याची नोंदणी असेल त्या राज्याकडून तो खेळू शकतो, अशी पद्धत रूढ झाली. पोटापाण्यासाठी स्थलांतर करणाऱ्या देशात हे उत्तर व्यवहार्यही होते आणि उदारही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ईस्ट बंगाल क्लबची आघाडीची फळी ‘पंचपांडव’ या नावाने गाजली. वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह हे ते पाच खेळाडू दक्षिण भारतातून आलेले होते. जो क्लब पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांच्या अस्मितेचा मानबिंदू मानला जाई त्याची कीर्ती म्हैसूर, आंध्र आणि केरळच्या पायांनी वाढवली. तुलसीदास बलराम हैदराबादकडून विजेते झाले आणि ईस्ट बंगाल क्लबमध्ये गेल्यावर बंगालकडूनही खेळले.

या पद्धतीचा एक परिणाम मात्र चिंतेचा होता. उत्तम खेळाडूंना नोकरी, मानधन आणि प्रसिद्धी देण्याची ताकद कलकत्त्याच्या क्लबांत सर्वाधिक असल्यामुळे लहान प्रांतांत घडलेले खेळाडू बंगालकडे ओढले जात आणि बंगालची ताकद आणखी वाढे. १९५० च्या दशकापासून सेनादल आणि रेल्वे हे दोन संघ प्रबळ झाले ते याच प्रवाहाचे दुसरे अंग होते. हे संघ कोणत्याही राज्याचे नव्हते; सैन्यात किंवा रेल्वेत नोकरीला असलेल्या देशभरातील खेळाडूंमधून त्यांची निवड होई. खेळाडूला आयुष्यभराची नोकरी आणि खेळायला वेळ, या दोन्ही गोष्टी देणाऱ्या या संस्था नसत्या तर लहान गावांतील कित्येक गुणी खेळाडू पंचविशीच्या आतच मैदान सोडून गेले असते, हे लक्षात घेतले पाहिजे.

मुंबईचा दीर्घ पाठलाग

महाराष्ट्राच्या दृष्टीने या पहिल्या पर्वाचा सर्वांत जवळचा धागा म्हणजे मुंबईचा संघ. मुंबईच्या फुटबॉलला कलकत्त्याइतकाच जुना वारसा होता. कुपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने रंगत, हारवूड लीग शतकाच्या आरंभापासून चालू होती आणि १९११ पासून वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या भागातील खेळाचा कारभार पाहत होती. पावसाळा हा मुंबईतील फुटबॉलचा खरा हंगाम, आणि चिखलाने जड झालेल्या मैदानावर खेळण्याची सवय येथील खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली असे. या शहराच्या संघाची जडणघडण शहरासारखीच मिश्र होती. धोबी तलाव, माझगाव या भागांत गोमंतकीय कामगार आणि खलाशी आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या निवासांत राहत. या निवासांना कोकणीत ‘कूड’ म्हणतात, आणि गावाच्या देवळा-चर्चइतकीच गावाच्या फुटबॉल संघाविषयीची माया त्यांच्या सोबत मुंबईत आली होती. गिरण्या, गोदी, तेल कंपन्या आणि टाटांसारखे उद्योग खेळाडूंना नोकऱ्या देत. त्यामुळे गोव्याचे, केरळचे, हैदराबादचे आणि मुंबईच्या चाळींतले खेळाडू एकाच संघात येत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळलेले टी. एम. वर्गीस हे मूळ त्रावणकोरचे, पण टाटांच्या संघाचे खेळाडू होते.

एवढे बळ असूनही मुंबईला करंडकासाठी तेरा वर्षे थांबावे लागले. १९४५ मध्ये स्पर्धा मुंबईतच झाली आणि अंतिम सामन्यात बंगालने मुंबईला २-० असे हरवले. १९४७ मध्ये कलकत्त्यात मुंबईने बंगालला गोलशून्य बरोबरीत रोखले, पण फेरसामना एका गोलाने गमावला. १९५१ मध्ये पुन्हा मुंबईत, पुन्हा बंगालविरुद्ध, पुन्हा एका गोलाने पराभव झाला. तीन अंतिम लढतींतील चार सामन्यांत मुंबईला बंगालवर एकही गोल करता आला नाही, आणि दिल्ली व म्हैसूर यांनी आपापल्या मैदानावर जे साधले ते मुंबईला आपल्या प्रेक्षकांसमोर दोनदा संधी मिळूनही साधले नाही. या पराभवांत नामुष्की नव्हती, कारण एक-दोन गोलांचा फरक हा समान ताकदीच्या संघांमधला फरक असतो. पण बंगालला नमवण्याची किल्ली मुंबईला सापडत नव्हती, हेही तितकेच खरे.

१९५४ चा हंगाम मद्रासला झाला आणि तेथे स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच बंगाल अंतिम फेरीत नव्हता. मुंबईसमोर सेनादलाचा संघ होता. शरीराने कणखर आणि शिस्तीने बांधलेला हा संघ पुढे स्पर्धेतील मोठी शक्ती ठरणार होता आणि १९६० मध्ये करंडकही जिंकणार होता. मुंबईने हा सामना २-१ असा जिंकला. दिल्ली आणि म्हैसूर यांचे त्याआधीचे विजय घरच्या मैदानावरचे होते. यजमान नसताना, परक्या शहरात राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा बंगालखेरीज पहिला संघ मुंबईचा ठरला. संतोष करंडक खऱ्या अर्थाने सर्व प्रांतांचा झाला तो या विजयाने, आणि म्हणूनच या पहिल्या पर्वाची अखेर १९५४ मध्ये मानणे योग्य ठरते.

देशाच्या संघाची शाळा

राष्ट्रीय स्पर्धेचा उपयोग विजेता ठरवण्यापुरता नसतो; निवडसमितीला सारा देश एका ठिकाणी पाहता येतो, हे तिचे मोठे काम आहे. १९४८ च्या ऑलिंपिक संघाचे कर्णधार टी. आओ हे नागा टेकड्यांतले होते आणि फ्रान्सविरुद्धच्या १-२ अशा पराभवात भारताचा एकमेव गोल करणारे सारंगपाणी रामन हे म्हैसूरचे. १९५१ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेत सैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली आणि मेवालाल यांच्या गोलने इराणला हरवून सुवर्णपदक मिळवणारा संघ, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे मुंबईचे नेव्हिल डिसूझा, पुढे १९६२ च्या जकार्ता येथील सुवर्णपदकाचे मानकरी ठरलेले आणि किशोरवयात बिहारकडून संतोष करंडकात उतरलेले पी. के. बॅनर्जी, सेनादलाचे गोलरक्षक पीटर थंगराज : या सर्वांच्या मागे राज्य संघांच्या स्पर्धेने घडवलेली चाळणी होती. १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेलेल्या संघाशी या संघांची तुलना केली तर १९४१ च्या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

खेळाच्या तंत्रातील त्रुटीही याच काळात उघड झाल्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव झाल्यानंतर महासंघाने खेळाडूंना बूट सक्तीचे केले आणि अनवाणी खेळाचा कालखंड संपला. देशांतर्गत सामने मात्र पुढेही बराच काळ आंतरराष्ट्रीय नव्वद मिनिटांपेक्षा कमी वेळाचे राहिले आणि त्याची किंमत भारतीय खेळाडूंना परदेशात अखेरच्या टप्प्यात दमछाक होऊन मोजावी लागली.

देशाचा राजकीय नकाशाही स्पर्धेच्या संघयादीत उमटत गेला. भाषावार प्रांतरचनेनंतर हैदराबादच्या जागी आंध्र प्रदेश आला, त्रावणकोर-कोचीनचा केरळ झाला, १९६० नंतर मुंबईचा संघ महाराष्ट्र या नावाने उतरू लागला आणि पुढे म्हैसूरचा कर्नाटक झाला. १९६१ मध्ये मुंबईत रेल्वेकडून अंतिम सामना गमावलेल्या महाराष्ट्राने १९६३ मध्ये आंध्र प्रदेशला एका गोलाने हरवून नव्या नावाने पहिले विजेतेपद मिळवले, आणि तेही १९५४ प्रमाणे मद्रासमध्येच. मुक्तीनंतर या स्पर्धेत आलेल्या गोव्याने १९८३ मध्ये बंगालसोबत संयुक्त आणि १९८४ मध्ये एकट्याने करंडक जिंकून, पूर्वी मुंबईच्या कुडींतून दिसणारी आपली गुणवत्ता स्वतःच्या नावावर सिद्ध केली.

आजचे स्थान

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर व्यावसायिक क्लबांच्या सामन्यांकडे पैसा, दूरचित्रवाणी आणि प्रेक्षक वळले आणि संतोष करंडक मागे पडला. २०२३ मध्ये त्याचे अखेरचे सामने सौदी अरेबियातील रियाध येथे खेळवून स्पर्धेला झळाळी देण्याचा प्रयत्न झाला. त्या वर्षी कर्नाटकाने मेघालयाला ३-२ असे हरवून चौपन्न वर्षांनी करंडक मिळवला. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबाद येथे बंगालने केरळला हरवून तेहतिसाव्यांदा विजेतेपद पटकावले. मेघालयासारखे लहान राज्य अंतिम फेरीत येते आणि केरळच्या सामन्यांना आजही गर्दी होते, यावरून या स्पर्धेची मुळे किती खोल गेली आहेत ते दिसते. ज्या राज्यात सुपर लीगचा क्लब नाही तेथील मुलाला देशासमोर उभे राहण्याचा मार्ग आजही मुख्यतः राज्याच्या संघातून जातो. महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाला राजमाता जिजाबाई यांचे नाव आहे, आणि तेथेही संघ राज्यांचेच असतात.

महाराष्ट्राच्या खात्यावर मुंबईच्या १९५४ च्या विजयासह चार विजेतेपदे आहेत. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमी आणि तरुण मंडळे फुटबॉलसाठी जीव टाकतात, शाहू स्टेडियम भरून वाहते. तरीही राज्याचा संघ संतोष करंडकात खेळत असतो तेव्हा त्याचे वेळापत्रक किती मराठी घरांत ठाऊक असते? ज्या संघाने तीन अंतिम लढतींत बंगालवर एक गोलही न करता हार मानली नाही आणि चौथ्या संधीला करंडक आणला, त्याच्या खेळाडूंची नावे, छायाचित्रे आणि सामन्यांचे वृत्तांत जुन्या मराठी वृत्तपत्रांतून वेचून एकत्र करण्याचे काम राज्य संघटनेने, विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आणि क्रीडाप्रेमी वाचकांनी हाती घ्यावे. जिल्ह्याजिल्ह्यांतून राज्य संघाची निवड उघड आणि नियमित व्हावी, निवडलेल्या खेळाडूला नोकरीची हमी मिळावी आणि महाराष्ट्राचा सामना जेथे असेल तेथे मराठी माणूस मैदानावर जावा. प्रांताने आपला संघ आपला मानला म्हणून १९४१ मध्ये ही स्पर्धा उभी राहिली. महाराष्ट्राने आपला संघ पुन्हा आपला मानला, तर पाचवे विजेतेपद दूर नाही.